लीलाबाईचे तीनशे रुपये

प्रकाश,

आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि अक्षर वाकडंतिकडं येईल. तू सहावीत होतास तेव्हा विडी कारखान्याच्या बाबूला लिहिलेली माझी चिठ्ठी तुझ्या हाती पडली आणि तू म्हणालास, "ताई, तुझी अक्षरं म्हणजे पाऊस लागलेल्या कोंबड्या." सगळी आळी हसली. मी चिठ्ठी फाडली आणि त्यानंतर कधी काही लिहिलं नाही. लिहायचं काम तुझं झालं. बोलायचं तर आधीपासून तुझंच होतं. आता दोन्ही माझ्यावर टाकून गेलास.

ही वही तुझीच आहे, नववीची, भूमितीची. मागची पानं कोरी होती.

तुला जाऊन दोन महिने झाले. लीलाबाईला एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती माझ्या तोंडून निघत नाही. म्हणून आधी तुला सांगून बघते. तुला सांगता आली तर तिलाही सांगता येईल, असं वाटतं.

विड्या वळताना माझी पाठ दाराकडे असते. आग्रा रोडवरून टेम्पो जात राहतात. तू आळीच्या तोंडाशी आलास की हॉर्न द्यायचास, एक लांब आणि एक आखूड. काल तसा वाजला. मी मांडीवरचं सूप खाली ठेवलं आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं, दोन कपांचं. मग आठवलं. आधण आटेपर्यंत तिथंच बसून राहिले, उठायचं सुचलं नाही. भांडं करपलं तेव्हा उठले.

माझी शाळा तुझ्यामुळे सुटली, हे तुला मी कधी बोलून दाखवलं नाही. चौथीची परीक्षा झाली आणि तू जन्मलास. आई कामावर जायची, तू माझ्या कडेवर. दहा वर्षांची मी आणि तू असा गुबगुबीत की कंबर तुटायची. दुष्काळाच्या वर्षी आई गेली तेव्हा मी नांदगावला सासरी होते. आले ती परत गेले नाही. लोक म्हणतात नवऱ्याने टाकली. टाकलीच असेल. पण घरात बाप पिऊन पडलेला आणि तू चुलीपुढं कच्ची भाकरी खात बसलेला, हे बघून मीही त्याला आतल्या आत टाकलंच होतं. हेही आज पहिल्यांदा लिहिते आहे.

बाप दारूने गेला. म्हणून आपल्या घरात एकच भीती होती, वासाची. बाप दारात आला की आई म्हणायची, "हा करा." तो तोंड उघडून हा करायचा आणि त्यावर ती संध्याकाळ कशी जाणार ते ठरायचं. तू टेम्पोवर लागलास, पिंपळगावची द्राक्षं आणि कांदा मुंबईच्या मार्केटला न्यायला लागलास, तेव्हा मी आईचं काम हातात घेतलं. तू चप्पल काढायच्या आत मी म्हणायचे, "हा कर."

तू हसत हा करायचास. "बघ, नुसती वेलची." कधी तर माझ्या नाकाशी येऊन इतक्या जोरात हा करायचास की सुपातली तंबाखू उडायची.

वास कधीच आला नाही. मी आळीत बोलत नाही, पण लीलाबाईशी तेवढी बोलायचे. दुपारी ती तिचं सूप घेऊन आपल्या ओट्यावर यायची आणि दोघी मिळून वळायचो. मी तिला म्हटलं, "माझ्या भावाच्या तोंडाला कधी वास नाही." ती म्हणाली, "नशीबवान आहेस बाई. आमच्या नवऱ्याच्या तर मटक्याच्या चिठ्ठीलासुद्धा वास येतोय."

विहारात पंचशील म्हणताना पाचवं शील, नशा न करण्याचं, तू सगळ्यांत मोठ्याने म्हणायचास. मला वाटायचं, बापावरचा राग काढतोय.

तू बारीक होत गेलास. मी म्हटलं, जागरणं. डोळे अर्धे मिटलेले असायचे. मी म्हटलं, गाडी चालवून दमतो. गोड खायला मागायचास, दिवसाउजेडी ताटावर बसल्या बसल्या पेंगायचास, आणि मी शेजारी बसून तुझ्या तोंडात शिरा भरवायचे. अंग खाजवायचास तर कडुलिंबाचा पाला उकळून द्यायचे. बाटली शोधली नाही असा घरातला कोपरा नव्हता. बाटली नव्हतीच.

आणि चांदी. इथं अक्षर आणखी बिघडलं तर समजून घे. तू म्हणालास, "ताई, पानटपरीवरून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गोळा करत जा. जयंतीच्या कमानीला चांदण्या लावायच्या आहेत." मी टपरीवर कधी उभी राहत नव्हते, पण त्यासाठी उभी राहिले. टपरीवाला चेष्टा करायचा, "कमलबाई, चांदीचे दागिने करताय का?" मी मान खाली घालून घेऊन यायचे. विडीचं तोंड मिटायला उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं असतं, त्या नखाने गुडघ्यावर एकेक कागद सपाट करायचे. एक सुरकुती राहू द्यायची नाही. चांगली गड्डी झाली की तुला द्यायचे आणि तू म्हणायचास, "असं काम मुंबईत कुणाला जमणार नाही."

जयंती आली. कमानीवर चांदण्या नव्हत्या. तू म्हणालास, दुसऱ्या मंडळाला देऊन टाकल्या. मी खूश झाले, माझी चांदी कुठंतरी लागली म्हणून.

आता टपरीपुढून जाताना मी रस्त्याची बाजू बदलते. तरी अंगठा आपोआप चालतो. परवा भाताच्या भांड्याच्या कडेवर मी नख फिरवत बसले होते, किती वेळ ते माहीत नाही.

भिशीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

बारा बायका, महिन्याला पंचवीस रुपये. दहा तारखेला चिठ्ठी निघायची, जिचं नाव येईल तिला तीनशे. पैसे आपल्या घरी ठेवायचे हे सखूबाईने ठरवलं होतं. "कमलकडं ठेवा. तिच्या तोंडातनं नाव निघत नाय, तर पैसा काय निघणार?" सगळ्या हसल्या होत्या. मला ते आवडलं होतं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला काही सांभाळायला दिलं होतं, तुझ्याशिवाय.

त्या महिन्यात सखूबाईचंच नाव निघालं. तिला घरावर पत्रे टाकायचे होते. पैसे पिठाच्या डब्यात होते, आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गाठ मारून. दुपारी लीलाबाई नेहमीसारखी वळायला आली. मी नळावर गेले. तू आत भिंतीकडे तोंड करून झोपला होतास. मी पाणी घेऊन आले तेव्हा तू निघून गेला होतास आणि लीलाबाई ओट्यावर एकटी पानं कापत होती. संध्याकाळी सखूबाई आली, मी डबा उघडला, पीठ उकरलं. फडकं नव्हतं.

बायका जमल्या. सखूबाईने विचारलं, "दुपारी कोण होतं इथं?"

मी म्हटलं, "लीलाबाई होती."

एवढंच म्हटलं. ते खरं होतं. तूही होतास, ते म्हटलं नाही.

लीलाबाई आधी हसली. तिला वाटलं थट्टा चालली आहे. मग ती म्हणाली, "माझ्या घराची झडती घ्या. आत्ता चला." दोघी गेल्या, पिठात, चुलीत, पोरांच्या दप्तरात हात घालून आल्या. काही मिळालं नाही. तर एकजण म्हणाली, "मिळंल कसं? मटक्यावर गेलं असंल." लीलाबाईचा नवरा मटका लावतो हे सगळ्यांना माहीत होतं. ती माझ्याकडे वळली. "कमल, तू सांग गं ह्यांना. मी डब्याला हात तरी लावला का कधी?"

मी जमिनीकडे बघत होते. सगळ्यांना वाटलं, कमल बिचारी लाजाळू, मैत्रिणीचं नाव घ्यायला लाजते. माझ्या गप्प राहण्यानेच लीलाबाई चोर ठरली.

सकाळी तुझी पँट धुवायला घेतली. खिशात ते फडकं होतं. आईच्या लुगड्याचं, विटलेलं निळं. मी ते चुलीत घातलं.

असं ठरलं की लीलाबाईने महिन्याला तीस रुपये भरायचे, दहा महिने. तिने भरले. ओट्यावर यायची बंद झाली. दहा तारखेला आळीतून चालत यायची, आपल्या उंबऱ्याबाहेरून तीस रुपये सखूबाईच्या हातात द्यायची आणि जायची. एकदाही उशीर केला नाही. त्या दहा महिन्यांत तिच्या पोरींना मी नवीन कपड्यात पाहिलं नाही.

तू ते सगळं बघत होतास का रे? तेव्हा तुला काही दिसत होतं का, हे मला आजही कळलेलं नाही.

मग टेम्पो सुटला. मालकाने काढलं. दोन दिवस तू घरात होतास आणि तुझं नाक वाहायला लागलं, जांभयांवर जांभया, पाय झाडायला लागलास, उलट्या. मी म्हटलं, हिवताप. रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने तुझ्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि मला बाजूला घेतलं. "गर्द ओढतोय. कधीपासून?" मी म्हटलं, त्याच्या तोंडाला वास नाही. तो म्हणाला, "गर्दाला दारूसारखा वास नसतो हो बाई. घरात सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद सापडतो का? त्यावर पावडर ठेवून खालून काडी लावतात आणि धूर ओढतात."

मी म्हटलं, "तो मीच देते."

डॉक्टरने टेबलावरचा पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

दवाखान्यात तुला तीनच दिवस ठेवलं. पुढचे बारा दिवस घरी. ते बारा दिवस तू विसरला असशील, मी नाही. तू मला शिव्या दिल्यास, पाया पडलास, माझ्या हाताला चावलास. "ताई, एकच पुडी, माझी हाडं कुणीतरी पिळतंय." मी दाराला आतून कडी लावून दाराशी बसून राहिले. कारखान्यात माल टाकायला जाता येत नव्हतं. पहिल्याच सकाळी कुणीतरी दार वाजवलं. लीलाबाई होती. आत आली नाही. म्हणाली, "वळलेल्या विड्या दे. माझ्याबरोबर कारखान्यात टाकते. चेकरला सांगते आजारी हाय म्हणून."

मी विड्यांचं सूप उंबऱ्यावर ठेवलं.

"तुझ्यासाठी नाय," ती म्हणाली. "पोरगं वरडतंय ते ऐकवत नाय मला."

बारा दिवस तिने माझा माल नेला आणि पैसे आणून दिले, मोजून, सुटे सुद्धा. तेव्हा तिचे अजून चार हप्ते बाकी होते.

दहाव्या दिवशी तुझा ताप उतरला. तू उठून भिंतीला टेकलास, माझ्या हातची पेज प्यायलास आणि म्हणालास, "ताई, भिशीचं फडकं मी नेलं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

तू माझ्याकडे असा बघितलास की चोर मीच. "मग लीलावहिनीला का भरू दिलंस?"

मी म्हटलं, तुझं नाव झालं असतं. तू म्हणालास, "माझं नाव? ताई, अख्खा आग्रा रोड मला गर्दुल्ला म्हणतो. मार्केटमधल्या शेटचा पोरगा कोकेन ओढतो. त्याची एक पुडी म्हणजे माझा महिन्याचा पगार. तो पडला की त्याच्या घरचे सांगतात, साहेबांना ताण झालाय, हवा बदलायला पाठवलंय. मी पडलो की गटारीत बघा म्हणतात. माझ्या नावाचं तू काय वाचवलंस?"

मी म्हटलं, "मोठमोठ्याने बोलू नकोस, बाहेर ऐकू जातं."

"तू बोलत नाहीस म्हणून लोक तुला चांगली समजतात," तू म्हणालास.

ते मला लागलं. मीही उलट बोलले, तुझ्याशीच तेवढं बोलता यायचं. म्हटलं, माझ्या विड्यांवर वाढलास आणि मला शिकवतोस. तू म्हणालास, "विड्या म्हणजे काय दूध आहे? दिवसाला हजार माणसांच्या छातीत धूर घालतेस. फक्त तुझ्या धुराला कार्ड आहे, पासबुक आहे." मी म्हटलं, विडीपायी कुणी बहिणीची भिशी चोरत नाही. त्या भांडणात मी जिंकले. प्रकाश, ते जिंकणं आता मला नको आहे. परत घेता येत असेल तर घे.

नंतर तू म्हणालास, "मी दुसरं शील मोडलं, चोरी न करण्याचं, आणि पाचवं मोडलं. तू चौथं, खोटं न बोलण्याचं. आपण दोघं मिळून फेडू."

पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकिंगचं काम तुझं तूच शोधलंस. पेट्या भरायच्या, कागद लावायचा, ट्रकवर चढवायच्या. सुटीच्या दिवशी घरी यायचास, अंगाला कच्च्या लाकडाच्या पेट्यांचा वास. गाल भरले. महिन्याच्या महिन्याला माझ्या हातावर पन्नास रुपये ठेवायचास. "हे लीलावहिनीचे. आणि नुसते देऊ नकोस, सांग. सगळं सांग. मला तिच्यासमोर उभं राहता येत नाही अजून."

मी म्हटलं, सांगते.

नाही दिले. आईच्या ट्रंकेत, गोधडीखाली ठेवले. पैसे द्यायचे म्हणजे बोलावं लागणार होतं, आणि ते बोलले असते तर दुपारी कोण होतं इथं, या प्रश्नापासून सगळं पुन्हा सांगावं लागलं असतं. त्यात तुझ्यासाठी स्थळ सांगून आलं होतं. मी मनाशी म्हणायचे, लग्न होऊ दे, मग. आधी म्हणायचे, हप्ते संपू देत, मग. माझ्याकडे मग नेहमीच असायचं.

पुढच्या महिन्यात तू विचारलंस, "दिलेस?"

"दिले."

"काय म्हणाली?"

"काही नाही. घेतले."

चौथ्या महिन्यात तू हटून बसलास. काहीतरी म्हणाली असेलच की. तेव्हा मी सांगितलं, ती म्हणाली, पोरगं सुधारलं, बरं झालं, माझ्या मनात काही नाही. तू ओट्यावर जाऊन बसलास. मी आतून पाहिलं, तुझी पाठ हलत होती. इतकं छान खोटं मला कसं सुचलं? जन्मभर चार वाक्यं धड बोलता आली नाहीत आणि खोटं बोलताना लीलाबाईचा आवाजसुद्धा काढता आला.

सहा महिन्यांत तीनशे पुरे झाले. त्या दिवशी तू जेवण झाल्यावर म्हणालास, "एक फेरी मारून येतो." अर्ध्या तासाने आलास. मी पानं भिजवत होते. तू माझ्यासमोर उकिडवा बसलास, थोडा वेळ माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "ताई, आज तू हा कर."

मी हसले. "मी कशाला?"

"कर तर."

मी केला. तू नाक जवळ आणून वास घेतलास.

"काहीच वास नाही," म्हणालास आणि उठलास. जाताना नेहमीसारखं "येतो" म्हणालास. मला वाटलं, पोरगं खुशीत आहे.

आठ दिवसांनी पिंपळगावच्या अलीकडे, एका ढाब्यामागे रिकाम्या पेट्यांच्या ढिगाशी तू सापडलास. डॉक्टर म्हणाले, असंच होतं. बरेच महिने सोडलेलं असतं, शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस पुन्हा जुन्याच मापाने घेतो. श्वास थांबतो. त्रास झाला नसेल, म्हणाले. हे ते सगळ्यांनाच सांगत असतील.

घरात तुला न्यायला पैसे नव्हते. मी ट्रंक उघडली. पांढरं कापड, बांबू, गाडी, दवाखान्यातल्या माणसांचं चहापाणी, एकशे सत्तर रुपये गेले. तुला लीलाबाईच्या पैशांनी नेलं, प्रकाश.

तुझ्या जलदानविधीच्या दिवशी बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. लीलाबाई आली. सव्वा वर्षाने आपल्या उंबऱ्याच्या आत आली. माझ्याजवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "जायच्या आठ दिवस आधी आला होता गं माझ्याकडं. दारात उभा राहिला. म्हणाला, वहिनी, पैसे पोचले ना सगळे? मी म्हटलं, कसले रे पैसे? तर नुसता बघत राहिला. मग म्हणाला, काही नाही, माझीच चूक झाली, दुसऱ्या कुणाचं तुम्हाला विचारलं. पाणी दिलं तर प्यायला नाही." ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. "चांगलं पोरगं होतं."

तेव्हा मला तो हा कळला.

तू सगळं ओळखलंस, आणि तरी तिला सांगितलं नाहीस. का? मी तुझं झाकलं तसं तू माझं झाकलंस का? की माझी लाज वाटली? मला शिव्या द्यायच्या होत्यास. बारा दिवसांत दिल्या होत्यास तशा. मला चावायचं होतंस. घराबाहेर पडून आळीत ओरडून सांगायचं होतंस. तू फक्त वास घेतलास आणि गेलास.

त्याच्यामुळे तू पुन्हा तिकडे वळलास का? हे मला कुणी सांगणार नाही. डॉक्टरांना विचारलं, माणूस पुन्हा का घेतो? ते म्हणाले, कारण लागतंच असं नाही, हा आजारच तसा आहे, वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. मी ते वाक्य पाठ केलं आहे. विड्या वळताना म्हणते. म्हणून झालं की मागे कुणीतरी श्वास सोडल्यासारखं वाटतं, अगदी मानेजवळ. वळून बघते. दार उघडंच असतं, मी हल्ली कडी लावत नाही.

ट्रंकेत एकशे तीस उरले होते. दोन महिने मी सकाळी पाचशे विड्या जास्त वळल्या. भिशीतून नाव काढून घेतलं, तेही पैसे वाचले. काल एकशे सत्तर भरून आले. उद्या दहा तारीख आहे. सगळ्या जमतील. भिशी आता सखूबाईच्या ओट्यावर असते.

माझ्याऐवजी तू बोल, असं म्हणायची सवय अजून जात नाही.

*

आज अकरा तारीख. लिहिते.

मी आधी लीलाबाईच्या घरी गेले. तिला म्हटलं, सखूबाईच्या ओट्यावर चल. "त्या ओट्यावर मी पाय ठेवत नाय," ती म्हणाली. मी तिचा हात धरला. मी कुणाचा हात धरत नाही, म्हणून असेल, ती आली.

चिठ्ठ्या टाकलेल्या होत्या. लीलाबाईला बघून चिठ्ठी कुणी उचलली नाही. मी उभी राहिले. म्हटलं, "त्या वेळचे भिशीचे पैसे लीलाबाईने घेतले नव्हते."

सखूबाई म्हणाली, "काय म्हणतेस? ऐकू येत नाय."

लीलाबाई माझ्या शेजारी उभी होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोठ्यानं बोल, कमल. तेव्हा बारा जणी होत्या."

मग मी मोठ्याने बोलले. म्हटलं, प्रकाशने नेले. दुपारी तोही घरात होता. दुसऱ्या दिवशी मला फडकं सापडलं, मी जाळलं. त्याने सगळे पैसे कमावून मला दिले, मी पोचवले नाहीत. त्याला सांगितलं, पोचवले. चोरी त्याची. त्याच्या पुढचं सगळं माझं. आवाज फाटत होता, पण शेवटपर्यंत गेला. टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

कुणीतरी म्हणालं, "मेलेल्या पोराचं कशाला काढतेस गं आता?"

लीलाबाई ताडकन म्हणाली, "पोराचं नाय काढत ती. माझं देते. दीड वर्ष मी ह्या आळीत मान खाली घालून पाणी भरलं, तेव्हा कुणाला कणव आली का?" मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. "अगं, तुझ्या विड्या नेल्या मी," एवढंच म्हणाली. "बारा दिवस."

मी पैसे पुढं केले. तिने घेतले आणि तिथंच, सगळ्यांसमोर, बोटाला थुंकी लावून मोजले. एकदा. मग पुन्हा. दहाच्या नोटा, पाचच्या, खाली थोडे सुटे. सगळ्या बघत होत्या. तिने मला माफ केलं नाही, प्रकाश, आणि मीही मागितली नाही. मागच्या वेळी तिची माफी मी मनानेच बनवून तुला दिली होती, तशी आता बनवणार नाही.

"तीनशे," ती म्हणाली. "पुरे आहेत."

तिने नोटा कनवटीला खोचल्या आणि ओट्यावरून उतरून मान वर करून गेली.

दिले रे. आता विचारलंस तरी चालेल. सगळे दिले.